क्यूएमूत स्वतःचा टायमर लिहून राहिलो, अपटाइम १८४ वरून थेट २४५ वर उडते, कोणी पाहता का?

त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी. आम्ही इथे नागपुरात एका छोट्या कंपनीत एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं जोडता येणारी चिप) बोर्डावर काम करून राहिलो, आत आर्मचा कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर कोअर आहे आणि आजूबाजूला काही आमचे स्वतःचे ब्लॉक. बोर्ड मोजकेच, फर्मवेअर (बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर) लिहिणारी पोरं त्याच्या दुप्पट, मग अर्धी पोरं बोर्ड मोकळा व्हायची वाट पाहत टपरीवर. म्हणून मी साहेबांना म्हटलं की क्यूएमूत (हार्डवेअरची नक्कल सॉफ्टवेअरने करणारा प्रोग्रॅम) आपलं मशीन उभं करून देतो, तिथे चालवा काय चालवायचं ते. क्यूएमूत एमपीएस२-एएन३८५ नावाचं मशीन आधीच आहे, ते पण एम३ चंच एफपीजीए इमेज, त्याचीच फाइल कॉपी करून नावं बदलली. यूएआरटी (सिरीयल पोर्टचा ब्लॉक) आर्मच्या सीएमएसडीके किटमधलाच आहे म्हणून तो फुकटात मिळाला. राहिला आमचा टायमर, तो मी लिहिला.

टायमर साधाच आहे. ३२ बिटांचा काउंटर ५० मेगाहर्ट्झवर सतत चालतो, एक कंपेअर रजिस्टर (फर्मवेअरला वाचता-लिहिता येणारी छोटी जागा), एक स्टेटस, एक इंटरप्ट इनेबल, म्हणजे प्रोसेसरला चालू काम सोडून बोलावणारा इशारा चालू-बंद करणारं. काउंटर कंपेअरला पोचला की स्टेटसमधला बिट लागतो, फर्मवेअर त्याच बिटावर १ लिहून तो पुसतं.

आता दोन भानगडी आहेत. एक, इंटरप्ट चालू केला की पहिल्याच वेळी फर्मवेअर हँडलरमधे (त्या इशाऱ्यावर धावणारं फंक्शन) घुसते आणि बाहेरच येत नाही. दोन, इंटरप्ट बंद ठेवून नुसता काउंटर वाचला तर सगळं मस्त चालते, दर सेकंदाला अपटाइम छापून राहिलो, आणि १८४ नंतरची ओळ एकदम २४५. दर वेळी तिथेच. खऱ्या बोर्डावर असं काहीच होत नाही, तिथे तो रात्रभर चालून राहिला.

तर्री_मार_के
भाऊ काउंटर ३२ बिटांचा आहे ना, भरून परत शून्यावर येत असंल. माझा अंदाज हा. बाकी दोन फुल प्लेट तर्री पोहे लागतील उत्तरासाठी 😄

त्रिमूर्तीनगर
@तर्री_मार_के ते मी पाहिलं बे. ३२ बिट ५० मेगाहर्ट्झवर ८६ सेकंदांत भरतात, फर्मवेअर जुना-नवा आकडा वजा करून बेरीज ठेवते, त्यामुळे ८६ ला आणि १७२ ला काहीच होत नाही, आरामात जाते. १८४ लाच काऊन?

ऑरेंज_बर्फी
पहिल्या भानगडीचं मी सांगते, दुसरीकडे नंतर येऊ. तुम्ही टायमरच्या कॉलबॅकमधे स्टेटसचा बिट लावता आणि आयआरक्यूची (इंटरप्टची) लाइन वर करता, बरोबर? आणि लाइन खाली कुठे करता? मला वाटतं कुठेच नाही.

क्यूएमूतली आयआरक्यू ही एखादी घटना नाही, ती तार आहे. वर केली की तुम्ही खाली करेपर्यंत वरच. एम३ चा एनव्हीआयसी (इंटरप्ट सांभाळणारा भाग) हँडलर संपताना बघतो की तार अजून वर आहे का, असेल तर तेच इंटरप्ट पुन्हा पेंडिंग. म्हणून फर्मवेअर हँडलरमधून बाहेर पडतं आणि त्याच पावली परत आत जातं, तुम्हाला वाटतं बाहेरच येत नाहीये.

यावर जवळपास सगळ्या चांगल्या मॉडेल्समधे एकच पद्धत दिसेल. एक छोटं फंक्शन करायचं, त्यात स्टेटस आणि इनेबल यांचा अँड घ्यायचा, काही उरलं तर तार वर, नाही उरलं तर खाली. बस, तारेला हात फक्त याच फंक्शनने लावायचा. मग टायमर वाजल्यावर, स्टेटस लिहिल्यावर, इनेबल लिहिल्यावर, सगळीकडून हेच बोलवायचं. इनेबल विसरतात लोक. बिट आधीच लागलेला असताना फर्मवेअरने नंतर इनेबल केलं तर हार्डवेअरवर इंटरप्ट ताबडतोब येतो, तुमच्या मॉडेलमधे तो पुढच्या कंपेअरपर्यंत येणारच नाही.

आणि १ लिहून पुसायचं म्हणजे आलेला आकडा स्टेटसमधे ठेवायचा नाही, आलेल्या आकड्यात जे बिट १ आहेत तेवढे स्टेटसमधून काढायचे. तुमच्या राइट फंक्शनमधे तो केस कसा लिहिलाय ते टाका जरा.

त्रिमूर्तीनगर
ताई, बरोबर पकडलं. लाइन खाली करणारी ओळच नव्हती. फंक्शन वेगळं केलं, इनेबलवाली जागा पण धरली, आता हँडलरमधून छान येऊन-जाऊन राहिलं. स्टेटसचं मात्र मी बरोबर लिहिलं होतं.

१८४ चं कोडं अजून तसंच आहे. काउंटर वाचायचं असं लिहिलं आहे: व्हर्च्युअल क्लॉककडून (क्यूएमूतल्या मशीनचं घड्याळ) नॅनोसेकंद घेतो, त्याला फ्रिक्वेन्सीने गुणतो, मग एक अब्जाने भागतो, खालचे ३२ बिट परत देतो. फ्रिक्वेन्सी ३२ बिट अनसाइन्ड ठेवली आहे.

वर्धा_रोड
पोरांनो, कॅल्क्युलेटर काढा. नॅनोसेकंदांचा आकडा क्यूएमू ६४ बिट साइन्ड देतो. साइन्ड ६४ मधे सगळ्यात मोठा आकडा साधारण ९.२२ गुणिले दहाचा अठरावा घात. त्याला पाच कोटींनी भागा. १८४.४ अब्ज नॅनोसेकंद येतील, म्हणजे १८४.४ सेकंद. तिथे तुझा गुणाकार भरून ऋण होतो. भागाकार नंतर आहे, तो बिचारा काय करणार.

फ्रिक्वेन्सी तू ६४ बिट अनसाइन्ड ठेवली असती तर हीच गंमत ३६९ व्या सेकंदाला झाली असती आणि तू म्हटलं असतं की सहा मिनिटांनी उडते. आकडा १८४ आहे यावरूनच कळते की साइन्ड आहे. कोड पाहायची गरज नव्हती.

तर्री_मार_के
काका 🙏🙏 मी उडी पण मोजून पाहिली. ऋण झाल्यावर आकडा १८४४,६७,४४,०७२ टिकने मागे जाते, पण फर्मवेअरला दिसतात खालचे ३२ च बिट, त्यामुळे त्याला ते ३०२,८०,९२,४०८ टिक पुढे गेल्यासारखं वाटते. भागिले पाच कोटी म्हणजे साडेसाठ सेकंद. १८४ अधिक ६० अधिक मधला एक सेकंद, २४५. जुळलं! आता काउंटर भरण्याचा माझा पहिला अंदाज विसरून जा.

ऑरेंज_बर्फी
काकांनी काम केलं. उपाय तयार आहे, क्यूएमूत मुलडिव्ह६४ नावाचं फंक्शन आहे, ते मधला गुणाकार ६४ पेक्षा मोठ्या जागेत करतं आणि मग भागतं. टायमरचं मॉडेल लिहिताना नुसता स्टार आणि स्लॅश दिसला की शंका घ्यायचीच.

बाकी तुमची वाचायची पद्धत योग्य आहे. काही जण दर टिकला काउंटर एकने वाढवायला जातात, ५० मेगाहर्ट्झला सेकंदाला पाच कोटी कॉलबॅक, मशीन जागेवर बसेल. काउंटर वाचला तेव्हाच हिशोब करायचा आणि होस्टचा टायमर फक्त पुढच्या कंपेअरच्या क्षणाला लावायचा. आणि व्हर्च्युअल क्लॉकच धरून ठेवा, रिअलटाइम नको. क्यूएमूच्या मॉनिटरवर (त्याला हुकूम द्यायचं कन्सोल) स्टॉप केलं की व्हर्च्युअल थांबतो. रिअलटाइम चालतच राहतो, मग डीबगरमधे दहा मिनिटं विचार करून कंटिन्यू दाबलं की फर्मवेअरच्या डोक्यावर दहा मिनिटांचे इंटरप्ट.

त्रिमूर्तीनगर
झालं! अपटाइम २००० च्या वर गेलं, काही उडी नाही. काका, ताई, दोघांचे मनापासून आभार, तर्रीले पोहे माझ्याकडून.

आता खरा प्रश्न. टायमर ब्लॉकमधे आणखी बरंच आहे, प्रीस्केलर (क्लॉकला भागून हळू करणारा) आहे, इनपुट कॅप्चर (बाहेरून सिग्नल आला त्या क्षणाचा काउंटर धरून ठेवणारं) आहे, एक टेस्ट मोड आहे जो फक्त हार्डवेअरवाले वापरतात. हे सगळं मॉडेलमधे लिहू का? साहेब म्हणतात पूर्ण आरटीएलसारखं (चिपच्या सर्किटचा मूळ कोड) पाहिजे.

वर्धा_रोड
पूर्ण लिही. मी आयुष्यभर बोर्ड डीबग केले, आणि ज्या रजिस्टरबद्दल म्हणतात ना की हे कोणीच वापरत नाही, तेच रजिस्टर सहा महिन्यांनी कोणीतरी वापरते. एकदा बसलाच आहेस तर संपवून टाक.

ऑरेंज_बर्फी
काका, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. आरटीएलसारखं पाहिजे असेल तर त्यांच्याकडे आरटीएल आहेच, व्हेरिलेटरमधे (आरटीएल चालवून पाहायचं सॉफ्टवेअर) टाका आणि सायकल सायकल बघा. पण त्यात फर्मवेअर बूट व्हायला जेवण होऊन येईल. क्यूएमू सायकलचा हिशोब ठेवतच नाही, एका सूचनेला किती क्लॉक लागले हे त्याला माहीत नसतं. वेग तिथूनच तर येतो. मग ज्याची किंमत वसूल होणार नाही ते कशाला लिहायचं.

माझा नियम असा: सॉफ्टवेअरला जे दिसतं ते अचूक, जे दिसत नाही ते नाही. फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग) आत कसा बांधलाय याच्याशी देणंघेणं नाही, फिफो भरला की कोणता बिट लागतो याच्याशी आहे. प्रीस्केलर लिहा, कारण वेग त्याच्यावर. कॅप्चर फर्मवेअर वापरत नसेल तर आज नको, पण ते रजिस्टर गुपचूप शून्य देऊन मोकळं होऊ देऊ नका. तिथे लॉग टाका की हे अजून केलेलं नाही. क्यूएमूत त्यासाठी अनइम्प नावाचा वेगळा लॉग आहे आणि फर्मवेअरने चुकीचं काही केलं तर गेस्ट एरर नावाचा वेगळा. क्यूएमू चालवताना मायनस डी देऊन दोन्ही चालू ठेवले की सहा महिन्यांनी जो कोणी ते रजिस्टर वापरेल त्याला स्क्रीनवर ओळ दिसेल, काकांची भीती पण मिटली. पूर्ण ब्लॉकच लिहायचा नसेल तर तेवढ्या पत्त्यावर अनइम्प्लिमेंटेड डिव्हाइस बसवता येतं, एका ओळीचं काम आहे, आणि कोण कुठे वाचून राहिलं ते सगळं लॉगमधे येतं.

(नागपूर सोडून इतकी वर्षं झाली तरी हे "राहिलं" जात नाही बोटातून.)

बंगलोरकर_नागपुरी
मी यात अजून एक घालतो, कारण आमच्याकडे याच्यावरून मोठा तमाशा झाला होता. मॉडेल कमी असलं तर चालतं, मॉडेल लाडावलेलं नको. आमच्या एका ब्लॉकला फक्त ३२ बिटांचं राइट चालायचं, बाइट लिहिला तर बस एरर. मॉडेलमधे कोणी ते बंधन टाकलंच नव्हतं. फर्मवेअरवाल्याने स्ट्रक्चरमधे कॅरेक्टर टाइप वापरला, कंपायलरने बाइट राइट काढला, क्यूएमूत टेस्ट हिरव्यागार, बोर्डावर गेलं की हार्ड फॉल्ट. दोन टीम एकमेकांवर ढकलत बसल्या.

मेमरी रीजनच्या ऑप्समधे (ब्लॉकच्या पत्त्यांवर वाचणं-लिहिणं कसं होईल ते सांगणारं स्ट्रक्चर) दोन वेगळ्या गोष्टी असतात, लोक त्या एकच समजतात. व्हॅलिड म्हणजे गेस्टला (क्यूएमूच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) कोणत्या साइझने हात लावायची परवानगी आहे, त्याच्या बाहेर गेलं की गेस्टलाच एरर. इम्पल म्हणजे तुमचं फंक्शन कोणती साइझ सांभाळतं, बाकीचं क्यूएमू स्वतः तुकडे करून देतं. इम्पल रिकामं ठेवलं तर १ ते ४ बाइट धरतं. तुझं हार्डवेअर फक्त ४ बाइट घेत असेल तर व्हॅलिडचे मिन आणि मॅक्स दोन्ही ४ लिही, लाज बाळगू नको. तसंच राखीव बिट. हार्डवेअरमधे ते लिहिले तरी शून्यच वाचतात, मॉडेलमधे मास्क नाही लावला तर जे लिहिलं ते परत मिळतं आणि फर्मवेअर त्यावर विसंबून बसतं.

वर्धा_रोड
हे मात्र पटलं. कडक मास्तर पाहिजे, सगळे विषय शिकवणारा नसला तरी चालेल. आता साहेबांना काय सांगायचं ते त्रिमूर्तीनगरनं पाहावं.

तर्री_मार_के
मी थर्ड इयरला आहे, मले पण शिकायचं आहे, पण आमच्याकडे ना बोर्ड ना कंपनी. सुरुवात कुठून करू? डॉक्युमेंटेशन उघडलं की ऑब्जेक्ट मॉडेल, टाइप इन्फो, क्लास इनिट, इन्स्टन्स इनिट, रियलाइझ... डोक्यावरून जाऊन राहिलं.

ऑरेंज_बर्फी
डॉक्युमेंटेशन नंतर, आधी एक छोटी फाइल पूर्ण वाच. क्यूएमूत एज्यु नावाचं डिव्हाइस शिकवण्यासाठीच ठेवलंय, पीसीआय कार्ड आहे, एका रजिस्टरमधे आकडा लिहिला की फॅक्टोरियल काढून देतं, दुसऱ्यात लिहिलेलं उलटे बिट करून परत देतं. इंटरप्ट आणि डीएमए (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) पण आहे. त्याच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर स्वतः लिही, दोन्ही बाजू कळतात. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरचं मशीन पण २०२१ पासून क्यूएमूत आहे, त्याच्या यूएआरटीची फाइल तर एका बैठकीत वाचून होते, नेहमीच्या साध्या यूएआरटीचं सगळं तिथे दिसेल.

इनिट आणि रियलाइझचं थोडक्यात: इन्स्टन्स इनिटमधे वस्तू तयार होते, तेव्हा तिला प्रॉपर्टी मिळालेल्या नसतात. मग कोणीतरी प्रॉपर्टी भरतं, तुझी फ्रिक्वेन्सी वगैरे. मग रियलाइझ, तिथे तपासायचं की फ्रिक्वेन्सी शून्य तर नाही, आणि असेल तर नीट एरर द्यायची. इनिटमधे फ्रिक्वेन्सी वापरायला गेलास तर तिथे भरलेला आकडा अजून आलेलाच नसणार.

बंगलोरकर_नागपुरी
तर्री, तुझ्यासाठी नागपुरी होमवर्क देतो. टीएमपी१०५ नावाचा तापमानाचा सेन्सर आहे क्यूएमूत, आय-टू-सी (चिपना जोडणारी दोन तारांची बस) वरचा. त्याला टेम्परेचर नावाची प्रॉपर्टी आहे, चालू मशीनमधे मॉनिटरवरून क्यूओएम-सेट करून बदलता येते, आकडा मिलिडिग्रीत द्यायचा. ४८००० टाक, आपला मे महिना समज, आणि गेस्टमधून रजिस्टर वाच. वरच्या बाइटात पूर्ण अंश असतात, ४८ म्हणजे हेक्स ३० दिसायला पाहिजे. मग ४८३०० टाक. खालच्या बाइटात काय येतं पाहा आणि कॉन्फिगमधले रिझोल्यूशनचे बिट बदलून परत पाहा. सुरुवातीला तो ९ च बिट देतो, अर्ध्या अर्ध्या अंशाने. फाइल वाचताना बघ त्यांनी तो मास्क किती कमी जागेत बसवलाय. कोणी एसी न लावता ४८ अंशाची टेस्ट करून राहिला असशील ते वेगळंच 😄

त्रिमूर्तीनगर
धागा भरकटला तरी उपयोगाचं येऊन राहिलं, चालू द्या. माझा पुढचा प्रश्न, हे मुख्य क्यूएमूत पाठवता येईल का? आणि अर्धा कोड मी एआयकडून लिहून घेतला तर चालेल का? ऑफिसमधे सगळे तेच करून राहिले.

ऑरेंज_बर्फी
दुसऱ्याचं आधी: नाही चालत. २०२५ मधे प्रोजेक्टने धोरणच लिहून ठेवलं, एआयने बनवलेला कोड आहे असं वाटलं तर घेत नाहीत. कारण साइन्ड-ऑफ. प्रत्येक पॅचखाली तुम्ही लिहून देता की हा कोड जीपीएलखाली देण्याचा मला हक्क आहे, आणि मशीनने लिहिलेल्याबद्दल ते छातीठोक सांगता येत नाही. ऑफिसातल्या ऑफिसात काय करता तो तुमचा प्रश्न.

पहिल्याचं: बाहेर कोणाला मिळतच नाही अशा खासगी ब्लॉकचं मॉडेल ते का सांभाळतील? तुमचा बोर्ड बाजारात येणार असेल, डेटाशीट उघडी असेल, तर पाठवा. नाहीतर तुमची शाखा तुम्हीच सांभाळा, पण दर नव्या आवृत्तीला रीबेस करा (आपले बदल नव्या कोडवर चढवा), आतले एपीआय बदलत राहतात. आणि क्यूएमू जीपीएल २ आहे, बायनरी गिऱ्हाईकाला दिली तर सोर्सही द्यावा लागेल, हे साहेबांच्या कानावर आत्ताच घाला.

पाठवायचंच ठरलं तर ईमेलने पॅच, आधी चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवायचं, गेट मेंटेनर स्क्रिप्टला विचारायचं कोणाला सीसी करायचं. पूर्ण मशीन एका पॅचमधे नको. टायमर एक, मशीन दुसरा, टेस्ट तिसरा.

बंगलोरकर_नागपुरी
आणि कोडमधे असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम तिथेच बंद पाडणारी ओळ) पाहून टाका. गेस्टने काहीही लिहिलं तरी क्यूएमू मरता कामा नये, गेस्ट एररचा लॉग टाकून पुढे जायचं. २०१५ चं व्हेनम (क्यूएमूत सापडलेलं सुरक्षेचं भगदाड) आठवतं? फ्लॉपीच्या कंट्रोलरचा ५१२ बाइटचा बफर, काही कमांडनंतर इंडेक्स शून्यावर आणलाच जात नव्हता, गेस्ट लिहीत सुटला की बफरच्या बाहेर. ज्या डिव्हाइसकडे कोणी वर्षानुवर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं त्यातून व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर पडायची वाट सापडली. खरं सांगायचं तर तुझ्या एम३ च्या मशीनला हा धोका नाही, क्यूएमूवाले पण सुरक्षेची हमी व्हर्च्युअलायझेशनच्या वापरापुरतीच देतात. पण सवय ती सवय.

वर्धा_रोड
मला सांगा, १८४ सारखं पुन्हा कोणी करून ठेवलं तर कळणार कसं? दर वेळी तीन मिनिटं स्क्रीनकडे पाहत बसायचं का?

ऑरेंज_बर्फी
काका, त्यासाठी क्यूटेस्ट आहे आणि हा प्रकार मला फार आवडतो. त्यात सीपीयू चालतच नाही, तुमचा टेस्ट प्रोग्रॅम थेट पत्त्यावर वाचतो-लिहितो. आणि घड्याळ तुमच्या हातात, क्लॉक स्टेप म्हणून जितके नॅनोसेकंद सांगाल तितकं पुढे. २०० सेकंद सांगा, डोळ्याची पापणी लवायच्या आत झाले. २०० सेकंदांत हजार कोटी टिक होतात, त्याचे खालचे ३२ बिट १४१,००,६५,४०८. काउंटर वाचून तोच आकडा आला पाहिजे.

त्रिमूर्तीनगर
लिहिली टेस्ट. आधी मुद्दाम जुना कोड ठेवून चालवली, १४,३१,९०,५१९ आला आणि टेस्ट लाल. मुलडिव्ह६४ टाकून चालवली तर १४१,००,६५,४०८. दोन्ही मिळून सेकंदभर पण नाही लागला. व्हीएमस्टेट पण लिहून घेतलं, म्हणजे पोरांना बूट झालेल्या मशीनचा स्नॅपशॉट ठेवता येईल, कंपेअर, स्टेटस, इनेबल आणि आतला टायमर, चारही त्यात टाकले.

वर्धा_रोड
एक शेवटचं खुसपट काढतो. कंपेअरच्या टिकपासून नॅनोसेकंद काढताना भागाकार खाली राउंड होते. ५० मेगाहर्ट्झला एक टिक बरोबर २० नॅनोसेकंदांचा म्हणून तुला दिसणार नाही. ४८ ला तो २०.८३३ होते. मग टायमर किंचित आधी वाजेल, हँडलर काउंटर वाचेल आणि तो कंपेअरच्या एकने मागे असेल. जे फर्मवेअर "अजून वेळ झाली नाही" म्हणून परत जाते, ते त्या वेळचं काम गमावून बसेल.

त्रिमूर्तीनगर
काका, पुढच्या बोर्डावर क्लॉक ४८ च ठरला आहे, यूएसबीसाठी. आत्ताच वर राउंड करून ठेवतो आणि क्यूटेस्टमधे ४८ ची एक केस वाढवतो.